पाटणचेरूचे बियाणे, परदेशाचा पैसा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या प्रवाशाला शहर येण्याआधी पाटणचेरू लागते. तेथील सुमारे १,४०० हेक्टरांचा हिरवा परिसर भारतभूमीवर असला, तरी त्याचा कारभार भारत सरकार चालवीत नाही. निमशुष्क उष्णकटिबंधातील पिकांवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे ‘इक्रिसॅट’. सीजीआयएआर या जागतिक कृषी संशोधन समूहाशी झालेल्या करारानुसार ती १९७२ मध्ये स्थापन झाली. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने जमीन दिली आणि केंद्राने १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे विशेषाधिकार कायद्याखाली सवलती बहाल केल्या. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक तिच्या नियामक मंडळावर पदसिद्ध असतात. थोडक्यात, दिल्ली येथे यजमान आहे, मालक नव्हे.

हा भेद बीजपेढीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग आणि लघु तृणधान्ये यांचे १४४ देशांतून जमविलेले सव्वा लाखाच्या आसपास नमुने तेथे जपले आहेत. १९९४ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेशी झालेल्या करारान्वये ते मानवजातीची ठेव म्हणून सांभाळले जातात; त्यांच्यावर कोणा एका देशाचा हक्क नाही. इथिओपिया, सोमालिया, नायजेरिया यांसारख्या देशांना त्यांच्याकडून पूर्वी गोळा केलेल्या वाणांचे नमुने या पेढीतूनच परत देण्यात आले. आपल्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोलाही पाटणचेरूने हजारो नमुने सुपूर्द केले आहेत. देणे-घेणे एकतर्फी नाही, हे ‘परकीय संस्था’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

भागीदारी फळाला कशी येते, हे ‘जेजी-११’ या हरभऱ्याने दाखविले. जबलपूरचे कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून हा वाण १९९९ मध्ये प्रसारित झाला. लवकर पक्व होणारा आणि मर रोगाला दाद न देणारा हा हरभरा आंध्रच्या अल्प, उष्ण हिवाळ्यात तग धरू शकला आणि एकेकाळी या पिकात नगण्य असलेले ते राज्य उत्पादकांच्या पंक्तीत येऊन बसले. पाटणचेरूचाच दुसरा अल्पमुदतीचा वाण म्यानमारमध्ये ‘येझिन-३’ या नावाने रुजला. संस्थेकडे पैदास साहित्य आणि जगभरचे जाळे होते, राज्यांच्या विद्यापीठांकडे चाचणीची शेते व शेतकऱ्यांशी नाते. यांपैकी एक बाजू लंगडी पडली असती, तर दुसरीचे श्रम कागदावरच राहिले असते.

प्रश्न आहे तो पैशाचा. नवा वाण घडवायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. देणगीदारांचे प्रकल्प मात्र तीन-पाच वर्षांत आटोपतात. संस्थेने २००० मध्ये खासगी बियाणे कंपन्यांना वर्गणीदार करून संकरित वाणांच्या पालकवाणांसाठी संघ उभारला. बाजरीला त्याचा लाभ झाला आणि त्यात गैर काही नाही. परंतु संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणूनच कंपनी तेथे पैसा ओतते. सोलापूरच्या रब्बी ज्वारीचे गणित निराळे आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात मोहोळ येथे निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आणि तिच्या वळणाचे वाण आजही तेथील शेतकऱ्याला भाकरीसाठी व कडब्यासाठी हवे असतात आणि त्यांचे बी तो घरच्या कणगीतून काढतो. अशा पिकात कोणती कंपनी गुंतवणूक करील?

तीच गत ग्रामपातळीवरील अभ्यासाची. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कानझरा आदी गावांतील कुटुंबांचे पीक, मजुरी आणि कर्ज यांचे तपशील संस्थेने १९७५ पासून नोंदवायला आरंभ केला. कोरडवाहू शेतकरी जोखीम कशी पेलतो, याविषयीचे जागतिक अर्थशास्त्रीय लेखन या नोंदींवर बरेचसे पोसले गेले. अशा दीर्घ कामाला दरवर्षी नवा आश्रयदाता शोधत फिरणे परवडत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था मोडीत काढली आणि परदेशी निधीवर विसंबण्याची जोखीम उघडी पडली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कृषी संशोधन परिषदेचे महासंचालकपद सांभाळलेले हिमांशू पाठक इक्रिसॅटचे महासंचालक झाले. कृषी भवनाची वाट ठाऊक असलेला माणूस तेथे बसल्याने संवाद सुलभ होईल. निधी त्यामुळे आपोआप येणार नाही. भरडधान्यांचे २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष भारताच्या पुढाकाराने साजरे झाले. त्या उत्साहाला शोभेल असे, ज्यांना बाजारात वाली नाही अशा पिकांसाठी किमान दहा वर्षांचे निश्चित अर्थसाहाय्य दिल्लीने द्यायला हवे. मागणी मात्र राज्यांकडून यावी लागते. रब्बी ज्वारीचे केंद्र परिषदेनेच सोलापूरला चालविले आहे, राहुरी आणि परभणीची विद्यापीठे या पिकावर काम करीत आहेत. या तिघांना पाटणचेरूशी जोडणारा प्रस्ताव तयार करून तो कृषी भवनात नेण्याचे काम मुंबईतील मंत्रालयाचे आहे.