गल्लीत शिरलो, पण पुढे?

काशीत ब्रह्माघाटाजवळच्या गल्ल्या आठवा. गल्लीत शिरता येतं, पण ती घाटावर निघेलच असं नाही. वास्तव संख्यांवरच्या एखाद्या बीजगणितातला गुणाकार, साहचर्याचा नियम न मोडता, किंचित बदलायला गेलं की तसंच होतं.

१९४५ मध्ये होखशिल्ड यांनी मांडलेल्या कोहोमॉलॉजीचा दुसरा गट अशा बदलाची पहिली पावलं मोजतो. पुढचं पाऊल पडेल का? १९६३ मध्ये मरे गर्स्टनहाबर यांनी दाखवलं, की या कोहोमॉलॉजीवर गुणाकाराच्या जोडीला एक कंसही असतो. पहिल्या पावलाचा स्वतःशीच कंस घ्या. तो तिसऱ्या गटात शून्य आला, तर दुसरं पाऊल पडतं. नाही आला, तर गल्ली तिथेच बंद!