बसमधली मुलं

९ जुलै १९६६. टोकियोच्या सुगिनामी भागातलं सार्वजनिक सभागृह मुलांनी गच्च भरलं होतं. ‘अल्ट्रामॅन’ ही नवी मालिका सुरू व्हायची होती, पण ट्रिक फोटोग्राफीचं काम इतकं मागे पडलं होतं की पहिला भाग वेळेत हाती येईना. मग ठरलं, की कलाकारांना आणि रबरी राक्षसांना रंगमंचावर उभं करायचं, समोर मुलांना बसवायचं, सगळा सोहळा चित्रित करायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच दाखवायचा. १७ जुलैला पहिला भाग आला. म्हणजे त्या सभागृहातली मुलं मालिकेचा एकही भाग पाहण्याआधी तिच्या नायकांना भेटली होती. जपानमध्ये आजही १० जुलै हा अल्ट्रामॅनचा दिवस मानतात.

जपानी महानायकांच्या मालिकांचे जुने कलाकार आणि त्यांचे चाहते यांच्या भेटींचा मागोवा घ्यायचा, तर मला सुरुवात त्या सभागृहापासूनच करावीशी वाटते. तिथे रुपेरी-लाल पोशाखात जो माणूस होता त्याचा चेहरा एकाही मुलाला दिसला नाही. मालिकेत हायाता हा तरुण संकटकाळी अल्ट्रामॅन होतो. हायाताचं काम सुसुमु कुरोबे यांचं. ते सगळ्यांना दिसत. पण रूप पालटल्यावर लढायचे ते बिन फुरुया. शिल्पकार तोरु नारिता यांनी त्यांना निवडलं ते त्यांची उंची आणि लांबसडक हातपाय पाहून. मुखवटा त्यांच्याच चेहऱ्याच्या साच्यावरून घडवला होता. तरी त्या मालिकेत पडद्यावर त्यांचा चेहरा कधी आला नाही.

फुरुयांना अभिनेता व्हायचं होतं. घामाने निथळणाऱ्या रबरी कातडीत कोंडून घेण्यासाठी ते या धंद्यात आले नव्हते. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलेली एक हकिगत चाहत्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. एक दिवस ‘आता हे काम सोडतो’ असं सांगायचं ठरवून ते स्टुडिओकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. वाटेत काही मुलं चढली आणि अल्ट्रामॅनबद्दल भरभरून बोलू लागली. आपल्या शेजारी कोण बसलंय याची त्यांना कल्पनाही नव्हती. फुरुया त्यांचे डोळे पाहत राहिले. स्टुडिओत पोचल्यावर त्यांनी राजीनाम्याचं नाव काढलं नाही.

हातांची फुली करून किरण सोडायची अल्ट्रामॅनची ती मुद्रा त्यांनी आरशासमोर रोज शेकडो वेळा घोटली होती. त्यांच्या किंचित वाकून उभं राहण्याच्या ढबीत जेम्स डीनच्या एका चित्रपटातल्या चाकूच्या मारामारीची छाया आहे, हेही त्यांनीच सांगितलंय. एकोणचाळीस भागांची ती मालिका जपानने सरासरी ३६.८ टक्के प्रेक्षकसंख्येने पाहिली. लगेच पुढच्या ‘अल्ट्रासेव्हन’मध्ये फुरुयांना रक्षक पथकातल्या आमागीची भूमिका मिळाली, आणि मुलांनी अखेर त्यांचा चेहरा पाहिला.

त्या काळी चित्रसृष्टीत या मालिकांना ‘जारी-बान’ म्हणत, म्हणजे चिल्ल्यापिल्ल्यांचे कार्यक्रम. शब्दातच हेटाळणी होती. वर्षभर एक नायक रंगवायचा, मग तोच शिक्का कपाळावर घेऊन दुसरीकडे काम मागत फिरायचं, हे अनेकांच्या वाट्याला आलं. १९७१च्या ‘कामेन रायडर’चे नायक हिरोशी फुजिओका यांनी तर मालिकेच्या सुरुवातीलाच चित्रीकरणात मोटरसायकलच्या अपघातात पाय मोडून घेतला. चौदाव्या भागापासून ताकेशी सासाकी दुसरे रायडर म्हणून आले, आणि हातांच्या ठरावीक हालचाली करत रूप पालटण्याची ती पद्धत, ‘हेन्शिन’, तिथूनच रुजली. आज पन्नाशीतला कुठलाही जपानी माणूस ते हातवारे झोपेतही करून दाखवील. एका माणसाचं हाड मोडलं म्हणून साऱ्या देशाच्या बालपणाला एक मुद्रा मिळाली.

सत्तरच्या दशकात भेटीचं ठिकाण होतं ते टोकियोचं कोराकुएन करमणूक उद्यान. उघड्या मंचावर नायक आणि खलनायकांची लुटुपुटीची लढाई व्हायची, आणि नायकाशी हात मिळवायला या, असं निमंत्रण टीव्हीवरच्या जाहिरातीतून मुलांना मिळायचं. फुरुयांनीही अभिनय सोडून स्वतःची कंपनी काढली आणि गावोगाव राक्षसांचे असेच खेळ केले. पाच वर्षांचं मूल त्या हाताला हात लावायचं आणि घरी जाऊन आठवडाभर हात धुवायला तयार नसायचं. त्या वयात ‘कलाकार’ ही कल्पनाच नसते. हात अल्ट्रामॅनचाच असतो. कलाकाराला भेटायचं तर आधी मोठं व्हावं लागतं, आणि तोवर तो थांबलेला असावा लागतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे घडलं ते जपानबाहेर, हवाई बेटांवर. फेब्रुवारी १९७४मध्ये होनोलुलूच्या किकू या वाहिनीने ‘किकायदा’ दाखवायला सुरुवात केली. संवाद जपानीच, खाली इंग्रजी ओळी. शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतला हा अर्धा निळा, अर्धा लाल यंत्रमानव माणसाच्या रूपात जिरो नावाने गिटार घेऊन हिंडतो. त्याच्यात सदसद्विवेकाचं यंत्र बसवलेलं आहे, पण ते अपुरं राहिलेलं. खलनायकाची बासरी वाजली की ते अपुरेपण त्याला छळतं. चांगलं वागायचं आहे आणि आतून कुणीतरी ओढतंय, ही तडफड सहा-सात वर्षांच्या पोराला नेमकी कळते. मोठ्यांना वाटतं त्याहून कितीतरी नीट. हवाईत जपानी वंशाची घरं पुष्कळ. अमेरिकी टीव्हीवर आपल्यासारखा दिसणारा नायक त्यांच्या मुलांना जवळजवळ कधीच भेटत नव्हता. तो असा अचानक भेटला, आणि बेटांवर अक्षरशः वेड पसरलं. बाहुल्या, तबकड्या, पोशाख, काही पुरेना. जपानी वंशाची नसलेली मुलंही तितकीच वेडी झाली होती.

जिरो झालेल्या दाइसुके बान यांना स्वतःच्या देशात कधी लाभलं नाही असं स्थान त्या बेटांवर मिळालं. पण खरी गोष्ट पुढे आहे. मालिका संपली, मुलं मोठी झाली, आणि २००१मध्ये हवाईत ती पुन्हा लागली. पहिल्या खेपेला किकू वाहिनीची सूत्रं सांभाळणाऱ्या जोॲन निनोमिया याच या पुनरागमनामागेही होत्या. बान पुन्हा येऊ लागले. आता रांगेत उभी होती ती पोक्त माणसं, आणि त्यांचा हात धरून त्यांची मुलं. १२ एप्रिल २००२ हा दिवस गव्हर्नर बेन कायेतानो यांनी ‘किकायदा पिढी’चा दिवस म्हणून जाहीर केला. एका अपुऱ्या राहिलेल्या रोबोच्या मालिकेसाठी राज्याने जाहीरनामा काढावा, हे मला अजूनही भारावून टाकतं. मे २००७मध्ये पुन्हा असाच दिवस घोषित झाला, तेव्हा किकायदाचा थोरला भाऊ झालेले शुन्सुके इकेदाही बान यांच्या शेजारी होते. इकेदा २०१०मध्ये गेले. २००७चे ते फोटो म्हणूनच मी जास्त वेळ पाहतो.

जपानमध्ये हे व्हायला चाहत्यांनाच हातपाय हलवावे लागले. लहानपणी ‘अल्ट्रामॅन’ पाहिलेली पोरं कॉलेजात गेली आणि त्यांनी त्या मालिका पुन्हा गांभीर्याने पाहायला घेतल्या. १९७५च्या सुमारास ‘कायजू क्लब’ ही तरुणांची मंडळी स्वतःचं अंक-पत्र काढू लागली. १९८०मध्ये ‘उचूसेन’ हे या विषयाला वाहिलेलं नियतकालिक सुरू झालं. कुठल्या भागात राक्षसाच्या कातड्यात कोण होतं, कॅमेरा कुणाचा होता, हे त्यांनी शोधून काढलं. श्रेयनामावलीत एका झटक्यात सरकून गेलेली नावं त्यांनी वाचून काढली, आणि मग त्या नावांची माणसं शोधली. जारी-बान म्हणून बाजूला टाकलेल्या कामाची नोंद याच पोरांनी ठेवली. स्टुडिओंनी ती ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

फुरुया मात्र सापडेनात. त्यांची कंपनी बंद पडल्यावर ते बरीच वर्षं चाहत्यांच्या नजरेआड होते. जुन्या सहकाऱ्यांनाही पत्ता ठाऊक नव्हता. ते परत आले तेव्हा मालिकेला चाळीस वर्षं उलटून गेली होती. २००९मध्ये त्यांचं आत्मकथन आलं. शीर्षक असं की ‘अल्ट्रामॅन झालेला माणूस’. त्यानंतर त्यांना अमेरिकेतही बोलावणी येऊ लागली. शिकागोजवळ रोझमाँटला दर उन्हाळ्यात गॉडझिला आणि जपानी राक्षसपटांच्या चाहत्यांचा मेळा भरतो. तिथे फुरुया गेले, आणि पहिला गॉडझिला झालेले हारुओ नाकाजिमाही गेले. या दोघांची जुनी ओळख होती. ‘अल्ट्रामॅन’च्या दहाव्या भागातला राक्षस जिरास हा गॉडझिलाच्याच जुन्या पोशाखाला गळ्याभोवती झालर लावून बनवला होता. आत नाकाजिमा, समोर फुरुया. अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो. दोघांनी एकमेकांना धोपटलं, आणि दोघांचेही चेहरे कुणाला दिसले नाहीत. परक्या देशातल्या लोकांनी पन्नास वर्षांनी त्यांना उघड्या चेहऱ्याने भेटायला विमानाचं तिकीट पाठवावं, याहून रास्त न्याय मला सुचत नाही.

टोकियोत अशा भेटींचं जुनं ठिकाण म्हणजे कितानोमारु उद्यानातलं विज्ञान संग्रहालय. बुदोकान सभागृहाच्या शेजारच्या या जागी ‘सुपर फेस्टिव्हल’ नावाचा खेळण्यांचा बाजार नव्वदच्या दशकापासून भरत आला. मऊ प्लॅस्टिकचे राक्षस, ज्यांना तिथे ‘सोफुबी’ म्हणतात, त्यांच्या टेबलांमधून वाट काढत गेलं की एका बाजूला स्वाक्षऱ्यांची रांग लागते. हातात शिकिशी, म्हणजे सोनेरी काठाचा चौकोनी जाड पुठ्ठा. कलाकार त्यावर स्वतःचं नाव लिहितात आणि बहुतेकदा पात्राचंही. एकाच पुठ्ठ्यावर माणूस आणि सोंग, दोघांची सही. या रांगेत फार बोलणं होत नाही. वेळ थोडा, मागे माणसं पुष्कळ. लोक वाकून नमस्कार करतात, एखादं वाक्य बोलतात, कुणाचा आवाज मध्येच अडकतो.

कलाकारांच्या बाजूनेही हे नातं जपलं गेलं. हिरोको साकुराई ‘अल्ट्रामॅन’मध्ये विज्ञान पथकातल्या एकमेव तरुणी होत्या, आणि तेहेतिसाव्या भागात राक्षसी आकाराच्या होऊन शहरात उभ्या राहिल्या होत्या. पुढे त्यांनी दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी यांच्याशी निगडित ‘कोदाई’ या संस्थेत पडद्यामागचं काम केलं आणि त्या दिवसांवर पुस्तकंही लिहिली. सुसुमु कुरोबे यांची मुलगी ताकामी योशिमोतो १९९६च्या ‘अल्ट्रामॅन तिगा’मध्ये पथकात वैमानिक झाली. ‘अल्ट्रासेव्हन’चे कोजी मोरित्सुगु यांनी फुजिसावात स्वतःचा कॅफे काढला. तिथली हायाशी राइस चाहत्यांत प्रसिद्ध आहे: भातावर गोमांस आणि कांद्याचा दाट तपकिरी रस्सा. कार्यक्रम नाही, तिकीट नाही. आगगाडीने जायचं, जेवायचं, आणि नशीब असेल तर साक्षात सेव्हन टेबलापाशी उभा.

ब्राझीलची कथा हवाईचीच धाकटी बहीण. फेब्रुवारी १९८८मध्ये रेदे मान्चेते वाहिनीवर ‘जास्पियन’ आणि ‘चेंजमॅन’ एकदमच सुरू झाल्या, आणि एक अख्खी पिढी त्यांच्यामागे गेली. ‘जिराया’चे ताकुमी त्सुत्सुई आणि ‘जास्पियन’मध्ये बूमरमॅन झालेले हिरोशी वातारी पुढे साओ पावलोच्या मेळ्यांना वारंवार जात राहिले. तिथले तिशी-चाळिशीतले पुरुष जपानी भाषेचा गंध नसताना शीर्षकगीतं तोंडपाठ म्हणतात.

या साऱ्याला एक मुदत आहे. ‘अल्ट्रामॅन’मधले पथकप्रमुख आणि ‘कामेन रायडर’मधले तोबेई काका, दोन्ही रंगवणारे आकिजी कोबायाशी १९९६मध्येच गेले. ‘अल्ट्रामॅन’चे जनक एइजी त्सुबुराया यांचे नातू हिरोशी, ज्यांना ‘शायदर’ म्हणून फिलिपिन्समधली मुलं देवासारखं मानत, ते २००१मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारले. नाकाजिमा २०१७, पथकातल्या इदेचे मासानारी निहेई २०२१, ‘परतलेला अल्ट्रामॅन’ जिरो दान २०२३. स्नेहमेळाव्यांच्या फोटोंमध्ये दर वर्षी खुर्च्या कमी दिसतात.

माझ्याही वाट्याला एक नायक आला होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा; जपानमध्ये १९६७-६८ साली दाखवलेली सव्वीस भागांची ‘जायंट रोबो’. प्राचीन इजिप्तच्या राजासारखा चेहरा असलेला भलाथोरला यंत्रमानव, आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा एक मुलगा, जॉनी. शेवटच्या भागात रोबो पहिल्यांदाच हुकूम मोडतो. खलनायकाला कवेत घेऊन तो आकाशात उडतो, एका उल्केवर आदळायला. जॉनी घड्याळात ओरडत राहतो, परत ये, परत ये. रोबो येत नाही. आमच्या चाळीत त्या दिवशी कुणी जेवलं नाही म्हटलं तरी चालेल.

त्या मुलाचं खरं नाव मला फार उशिरा कळलं: मित्सुनोबू कानेको. शोध घ्यायला बसलो आणि पहिल्याच बैठकीत कळलं, की ते १९९७मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर वारले. म्हणजे मी कॉलेजातून बाहेर पडत होतो तेव्हाच. कितानोमारुच्या त्या संग्रहालयात एखाद्या टेबलामागे ते बसले असते, तर शिकिशी पुढे करताना मी एवढंच सांगितलं असतं: की मुंबईतल्या एका चाळीच्या गॅलरीत आम्ही आठ मुलं रोज संध्याकाळी मनगट तोंडाशी धरून रोबोला हाक मारायचो, आणि घड्याळ आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं.