अंगणातील शिंजीर : लेखांक अकरावा – साखरपाण्याची बाटली

शिंजिराची मादी घरट्याच्या दारावर जी चिमुकली ओसरी काढते, तिची हकिकत या अंकी सांगण्याचा शब्द मी दिला होता; परंतु मधल्या आठवड्यात आखाडा बाळापूरहून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले, आणि त्यातील प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे म्हणजे विचारणारीचा आणि पाखराचाही अनादर करणे होय, असे वाटल्यावरून ओसरी पुढल्या आठवड्यावर ठेवीत आहे.

बाईंची कन्या न्यू जर्सीत असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहावयास गेल्या असताना त्यांनी पाहिले की, परसदारी खांबाला तांबड्या बुडाची एक काचेची बाटली टांगलेली असे, तीत साखरेचे पाणी भरलेले असे, आणि अंगठ्याएवढे एक हिरवे पाखरू, ज्याच्या नराच्या गळ्यावर माणकाची झळाळी होती, वाऱ्यावर खिळा ठोकून बसविल्यासारखे एका जागी स्थिर राहून त्या बाटलीला चोच लावीत असे. परतताना मुलीने तशीच एक बाटली सामानात घालून दिली. माघ सरता सरता बाईंनी ती अंगणातल्या आंब्याच्या फांदीला बांधली. पंधरा दिवस लोटले. शिंजिराची जोडी त्याच आंब्यावरून दिवसातून दहा वेळा ये-जा करते, परंतु बाटलीकडे ढुंकून पाहत नाही. ‘साखर कमी पडते काय? गूळ घालू, की मध घालू?’ असे त्या विचारतात.

गूळ आणि मध यांचा निकाल प्रथम लावून टाकतो, कारण त्यात धोका आहे. मध पाण्यात कालवला की तो लौकर आंबतो व त्यावर बुरशी धरते. गुळातले लोह इतक्या लहान जिवाला सोसत नाही. तेथील जाणते लोक एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी एवढेच प्रमाण सांगतात, त्यात रंग घालीत नाहीत, आणि उष्णतेच्या दिवसांत दर दुसऱ्या दिवशी बाटली रिती करून, घासून पुन्हा भरतात. तेव्हा बाईंच्या पाण्यात उणे काही नाही.

परंतु ज्या पाखरासाठी ती बाटली घडली, ते पाखरू आणि आपला शिंजीर यांचे गोत्रच निराळे. हमिंगबर्ड हा फक्त अमेरिका खंडाचा रहिवासी. आणि त्याचा जवळचा नातलग कोण म्हणाल, तर आपल्या जुन्या वाड्यांच्या कमानींखाली थव्याने वसणारी पाकोळी. पाकोळीप्रमाणेच त्याचे पाय नावापुरते, सारी मिरासदारी पंखांची. बाईंनी जो पाहिला त्या माणिककंठाचे वजन तीन-चार ग्रॅम, आणि पंखांची फडफड सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. उलट आपला जांभळा शिंजीर सात-आठ ग्रॅमचा आणि चिमणीसारखा फांदी पकडून बसणाऱ्यांपैकी. तोही फुलासमोर क्षणभर हवेत तरंगतो, पण ती त्याची वहिवाट नव्हे. त्याला पायाखाली काडी लागते. बाईंच्या बाटलीला बसावयास दांडी नाही, हे त्यांनीच पत्रात काढलेल्या आकृतीवरून दिसते. दोन निराळ्या गोत्रांनी, दोन निराळ्या खंडांत, फुलातला मध काढण्यासाठी तशीच बारीक चोच आणि तशीच टोकाशी दुभंगलेली लांब जीभ स्वतंत्रपणे मिळवावी, हा सृष्टीचा मोठा चमत्कार आहे. परंतु चोच सारखी म्हणून पायही सारखे समजू नयेत.

बाटलीची रीत तिकडेही फार जुनी नाही. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने १९२८ साली मार्गारेट बोडाइन या बाईंचा लेख छापला, त्यात काचेच्या कुप्यांतून या पाखरांना साखरपाणी पाजल्याची हकिकत आहे. बाजारात अशा बाटल्या आल्या त्या १९५० च्या सुमारास. आणि तिकडे बाटलीलाही हंगाम असतो. माणिककंठ हिवाळा मध्य अमेरिकेकडे काढतो. वसंतात परतताना त्यांतील पुष्कळ पाखरे मेक्सिकोच्या आखातावरून आठशे किलोमीटरांच्या आसपास पल्ला न थांबता उडून पार करतात, एप्रिलअखेर न्यू जर्सीच्या परसात हजर होतात आणि सप्टेंबर सरता सरता निघून जातात. तेथले लोक त्या बेताने बाटली टांगतात आणि उतरवितात. पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची ती मुदत आहे, आणि तिच्यातला जिव्हाळा मला मनापासून समजतो.

समजतो म्हणूनच तीन वर्षांपूर्वी मी स्वतः येथे, कळमनुरीत, तो प्रयोग केला. बाटलीला वेताची काडी आडवी बांधली, प्रमाण काटेकोर ठेवले, आणि चैत्राच्या आरंभी ती पडवीच्या वाशाला टांगली. पहिले दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या सकाळी मुंगळ्यांची रांग वाशावरून दोरीने खाली उतरली. त्यांचा बंदोबस्त करावा म्हणून दोरीला तेल लावले, तर दुपारी मधमाश्यांनी बाटलीच्या तोंडाभोवती असा वेढा घातला की जवळ जाण्याची सोय राहिली नाही. त्यानंतर तालुक्याच्या कामाने मी दोन दिवस बाहेर होतो, आणि बाटली बदलण्याचे राहून गेले. परतलो तेव्हा पाण्याला आंबट वास येत होता, काचेला आतून बुडबुडे चिकटले होते, तळाशी कापसाच्या तंतूसारखे पांढरे काही तरंगत होते. आणि त्याच वेळी एक नर शिंजीर, उन्हात जांभळा-निळा पेटलेला, त्या काडीवर बसून बाटलीच्या तोंडाशी लोंबणारा थेंब टिपत होता. ज्या दर्शनासाठी आठवडाभर तिष्ठत बसलो, ते घडले ते अशा वेळी. मी टाळी वाजवून त्याला उडविले आणि बाटली खाली घेतली. दोष माझ्या गैरहजेरीचा. पण चैत्र-वैशाखात ज्या मुलखात पारा बेचाळिसाच्या वर चढतो, तेथे एका दिवसाच्या गैरहजेरीचाही दंड त्या जिवाला भरावा लागतो, हे तेव्हापासून मनावर कोरले गेले आहे. मोठ्या शहरांच्या गच्च्यांवर काही लोक नेमाने, रोज सकाळी धुऊन, अशा बाटल्या ठेवतात आणि शिंजीर त्यांवर येतोही. ज्यांच्याकडून तेवढा नेम खात्रीने पाळला जाईल, त्यांना माझी मनाई नाही.

परंतु बाईंची जोडी बाटलीकडे पाहत नाही, याचे कारण केवळ दांडी नव्हे. हा मजकूर लिहीत आहे तो फाल्गुनाचा पहिला पंधरवडा आहे, आणि ईसापूरच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना पळस पेटलेला आहे. परवा पहाटे मी तेथे एका झाडाखाली दोन तास बसून होतो. पळसाचे फूल हाती घेऊन पाहावे : पाच पाकळ्यांपैकी खालच्या दोन जोडून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली नौका झालेली, तिच्या आत केसर दडलेले, आणि काळ्या मखमली पेल्याच्या तळाशी मध. शिंजीर देठावर पाय रोवून मधासाठी आत घुसतो, तसे नौकेवर ओझे पडून केसर बाहेर येतात आणि पाखराला पिवळी भुकटी लागते. ती घेऊन ते पुढल्या झाडाकडे जाते. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या परागणाचा अभ्यास करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की पळसावर सात जातींचे पक्षी येतात खरे, परंतु परागणाचे काम खऱ्या अर्थाने पार पाडतात ते जांभळा शिंजीर आणि पाठीवर तीन पट्टे असलेली खार. बाकीचे येतात, मध पितात आणि जातात.

त्या बाकीच्यांत भोरड्या असतात. थंडीत जोंधळ्यावर उतरणाऱ्या या भोरड्या फाल्गुनात पळस आणि काटेसावर यांवर असा कल्लोळ करतात की खालची वाट पाकळ्यांनी लाल होते. साळुंकीच्या या कुळाची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही : ज्या साखरेचे आपण पाणी करतो, ती उसाची साखर पचविणारे विकर त्यांच्या आतड्यांत नसते; फुलांतल्या ज्या साध्या शर्करा असतात, त्यांवरच त्यांचे चालते. शिंजिराला मात्र दोन्ही पचतात. म्हणजे एकाच बाटलीचे पाणी एकाला अन्न आणि दुसऱ्याला निरुपयोगी. फुलांनी आपापल्या गिऱ्हाइकाप्रमाणे मधाची भेसळ ठरविलेली असते. आपल्या वाटीचे माप सर्वांना एकच.

फुले आणि पाखरे यांचा हा परस्पर व्यवहार आपल्या देशात प्रथम तपशीलवार मांडला तो सालिम अली यांनी, १९३२ मध्ये, मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात. पाठोपाठ निजामाच्या राज्यातील पक्ष्यांच्या पाहणीचा त्यांचा वृत्तान्त त्याच नियतकालिकात क्रमशः आला, आणि तेव्हा आपला हा भाग त्याच राज्यात मोडत असल्याने ते दप्तर एका परीने आपलेही आहे.

पळस आटोपला की काय, हा प्रश्न रास्त आहे. चैत्रात आंब्यावरचे बांडगूळ फुललेले असते. त्याची कळी मिटलेलीच राहते. शिंजिराने चोचीने चिमटा घेतला की ती फट्कन उघडते आणि परागांचा फवारा त्याच्या तोंडावर उडतो. बांडगूळ झाडाचा रस शोषते, म्हणून बागवान ते छाटतो, आणि कलमी बागेत छाटावेच. परंतु अंगणातल्या म्हाताऱ्या गावरान आंब्यावर एखादा झुबका राहू द्यावा, अशी माझी विनंती आहे. डोंगरकड्याकडे ज्यांच्या केळी आहेत त्यांना काही लावावयास नको, केळफूल हे शिंजिराचे सदावर्तच आहे. जास्वंद चालते, पण तेथे तो बुडाशी भोक पाडून मध चोरतो आणि फुलाच्या पदरात काही टाकीत नाही. आणि अमेरिकेचेच काही हवे असेल, तर रोपवाटिकेतून हमेलिया आणावा. नळीसारखी ही नारिंगी फुले मुळात हमिंगबर्डाच्या मुलखातली. पाखरू समुद्र ओलांडू शकले नाही, झुडूप ओलांडून आले, आणि येथल्या शिंजिराने ते पहिल्या भेटीतच ओळखले. माझ्या दारचे हमेलिया श्रावणातही फुललेले असते. त्या दिवसांत नराची जांभळी झूल उतरलेली असते, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते, आणि लोकांना वाटते शिंजीर गाव सोडून गेला. तो मादीसारख्या वेषात त्याच झुडपात असतो.

आणखी एक निकडीची गोष्ट, कारण पाडवा जवळ आला आहे. पिलांना मध भरवून चालत नाही. मादी त्यांच्या तोंडात घालते ते कोळी, अळ्या आणि चिलटे. गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या तारेवर तिचे घरटे होते, तेव्हा ती गजांमधल्या जाळ्यासमोर क्षणभर तरंगून कोळी उचलीत असे, आणि पुढच्याच खेपेस त्याच जाळ्याचा तंतू चोचीवर गुंडाळून घरट्याच्या डागडुजीला नेत असे. सणाच्या झाडलोटीत घराच्या आतली जळमटे काढावीत. पडवीच्या वाशांची आणि बाहेरच्या खिडक्यांची मात्र वैशाखापर्यंत राहू द्यावीत. त्या जळमटांचे ती काय करते, हेच मला या अंकी सांगावयाचे होते.

बाई, बाटली धुऊन, पुसून कपाटात ठेवा. कन्या माहेरी येईल तेव्हा तिला दाखवा. तूर्त एवढे करा : ऊन कलले की बागेच्या नळीचे पाणी आंब्याला आणि केळीला पानांवरून घाला, आणि नळी बंद करून पडवीत निमूट बसा. शिंजीर घंगाळात उतरून न्हात नाही. ओल्या केळीच्या पानावर तो घसरत येतो, पन्हाळीत साठलेल्या थेंबांत छाती घासतो, पंख पसरतो, आणि त्या वेळी नराच्या काखेतला पिवळा-तांबडा झुपका, जो एरवी प्रणयाच्या नाचाखेरीज क्वचितच दृष्टीस पडतो, अगदी चार हातांवरून दिसतो.