चारकोपचे चौक आणि आपली फुप्फुसं

कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये गेलात तर घरांची मांडणी जरूर बघा. मधे मोकळा चौक, भोवती छोटी घरं. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने ही वसाहत आखली. साधारण ३५ भूखंडांचा एक गट, त्याचं सामायिक अंगण. मुलं गाड्यांपासून दूर खेळतात, म्हातारी माणसं संध्याकाळी बाहेर बसतात. मला हे नियोजन फार मोलाचं वाटतं.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती जेमतेम ३ मीटर अंतरावर उभ्या आहेत. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत तिथे आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये साधारण दहापैकी एका घरात क्षयरुग्ण आढळला. खालच्या मजल्यांवर प्रमाण जास्त! क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. वारा खेळला की ते विरळ होतात, ऊन त्यांना मारतं. कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा आराखडा आला, तर कार्पेट एरियाच्या आधी हे विचारा: दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येणार का?