शाळेच्या कुंपणापासून 91 मीटर

शाळेसमोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतात त्या नेमक्या सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर. खाली गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या, त्यांना लागूनच गोड सुपारी. पालकसभेत हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "अहो बाई, ती नुसती सुपारी. तंबाखू कुठंय त्यात?"

हा समज सगळ्यांत महागात पडतो. तंबाखू नसली तरी सुपारीने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच तसा निर्वाळा दिला आहे. रोज सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचं आतलं अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठ होत जातं. आधी आमटीतलं तिखट सोसत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही. मुलाला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तर लगेच दातांच्या डॉक्टरांकडे न्या. एकदा आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही, पण सुपारी सुटली तर पुढचा धोका कमी होतो.

दुसरा समज घरातलाच. "मशेरी म्हणजे दात घासायची पूड." तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ती तंबाखूच असते. आजी हिरड्यांना लावते, नात बघत असते, दात दुखला की तिलाही चिमूटभर मिळते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. एकूण प्रौढांत विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम 3.8 टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे मात्र 24.4 टक्के. म्हणून शाळेच्या भिंतीवर नुसतं जळत्या सिगारेटचं चित्र रंगवून भागत नाही, असं मला वाटतं.

मोठ्या शहरांत वेगळंच ऐकू येतं: "व्हेपमध्ये काय, नुसती सुगंधी वाफ." पेनड्राइव्हएवढी ती वस्तू दप्तरात सहज लपते. आतलं द्रव तापून जे फवाऱ्यासारखं छातीत जातं, त्यात बहुतेक वेळा निकोटिन असतं. आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या स्वादामुळे घशाला ठसका लागत नाही, म्हणूनच पहिला झुरका सोपा जातो. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटिनची सवय फार लवकर जडते. "अठरा झाल्यावर चालतं," हेही खोटं. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात देशभर बंद आहे. पहिल्याच गुन्ह्यात विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग टपरीचं काय? अनेकांना वाटतं, तंबाखूबंदीचे शंभर यार्ड शाळेच्या फाटकापासून मोजायचे. नाही. ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी मोजायचे, म्हणजे सुमारे 91 मीटर. त्याच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, पण दंड 200 रुपयांपर्यंतच. तेवढ्याला कोण घाबरणार? बाल न्याय कायद्याचं कलम 77 मात्र कडक आहे: मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. राज्यात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट-विडी विकायलाही बंदी आहे, कारण मुलाच्या खिशात अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात.

"गरिबाच्या पोटावर पाय कशाला?" हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो. पण कायदा टपरी उठवा असं म्हणत नाही, तिच्यातली तंबाखू तेवढी हलवा म्हणतो.

"दोन रट्टे दिले की व्यसन सुटतं," असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, मारलं की मूल लपून खातं. 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक बोलतात, तिथून सुरुवात करा.

तंबाखूमुक्त शाळेच्या नियमांत या 91 मीटरच्या हद्दीवर पिवळी रेघ आखायला सांगितली आहे. आमच्या मुलांनी ती स्वतः आखली. टेपचं टोक कुंपणाच्या भिंतीला धरून आठवीतल्या दोघी चालत गेल्या. टपरी आली 27 मीटरवर. मालक बाहेर येऊन ते बघत उभे राहिले. "पोरींनो, अजून किती लांब जाणार?" त्यांनी विचारलं. "अजून 64 मीटर, काका," असं सांगून त्या टेप उलगडत पुढे निघाल्या.