हेश्वानचा महिना आणि टोकियोतली पुस्तकं



सिम्हाथ तोरा आटोपला की हेश्वान लागतो. ह्या महिन्यात सण नाही, उपास नाही. खिरीचं पातेलं घासून माळ्यावर गेलेलं असतं आणि घर कसं सुनं सुनं वाटतं. इथे जपानात मात्र नेमका तोच काळ वाचनाचा मानतात. २७ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर हा 'वाचन सप्ताह'. नाव सप्ताह, दिवस चौदा! १९४७ पासून ही प्रथा चालत आली आहे. तेव्हा आम्ही घरच्यांनी ठरवलं की अख्खा हेश्वान वाचनात काढायचा, आणि तोही ज्यांची पुस्तकं आपल्या घरात कधी आलीच नाहीत अशा लेखकांच्या. एक पुस्तक तेवढं आपल्यातल्या माणसाचं.

सुरुवात मुलांच्या आवडीने झाली. 'तोत्तोचान' तुमच्यापैकी पुष्कळांना मराठीतून माहीत असेल. तेत्सुको कुरोयानागी ह्यांचं हे पुस्तक १९८१ सालचं. आगगाडीच्या डब्यात वर्ग भरणारी ती तोमोए शाळा टोकियोतच, जियुगाओका भागात होती. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती जळाली. धाकट्याला पोलिओ झालेल्या यासुआकीचानला झाडावर चढवण्याचा प्रसंग आवडला. आम्हाला मात्र मासाओचान हा कोरियन मुलगा विसरता येईना. लोक ज्या शब्दाने त्याला हिणवत, तोच शब्द तो रागाने तोत्तोचानवर फेकतो. त्या शब्दाचा अर्थ तिला ठाऊकच नसतो. थोरलीने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आजीला कोकणात कुणी शनवारतेली म्हणायचं, ते असंच का?" आम्ही म्हटलं, तसंच नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढाच त्याचा अर्थ. त्यात हिणवणं असेलच असं नाही. पण नाव दुसऱ्याने ठेवलेलं, एवढं मात्र खरं.

त्यावरून आम्ही यू मिरी ह्यांच्याकडे वळलो. जपानात जन्मलेल्या कोरियन घरातल्या ह्या लेखिका. त्यांची उएनो स्टेशनच्या बागेत राहणाऱ्या बेघर माणसाची कादंबरी २०१४ साली आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२० साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. पुस्तक जड आहे, खोटं कशाला सांगा. दोन वेळा बाजूला ठेवलं. पण त्या बागेतून आम्ही कितीदा गेलो, चेरीची फुलं बघितली, तो माणूस दिसला नव्हता.

वाचनालयात अ‍ॅन फ्रँकची डायरी दिसली तेव्हा मुलांना २०१४ ची गोष्ट सांगावी लागली. त्या वर्षी टोकियोच्या वाचनालयांतून ह्या डायरीच्या आणि तिच्याविषयीच्या तीनशेहून अधिक प्रतींची पानं फाडलेली सापडली. मार्चमध्ये एकाला अटक झाली. पुढे मानसिक अवस्थेमुळे त्याच्यावर खटला भरला नाही. इस्रायलच्या वकिलातीने आणि इथल्या ज्यू मंडळींनी नव्या प्रती दिल्या. शिवाय कुणीतरी सुगिहारा चिउने ह्या नावाने पुस्तकं पाठवली. १९४० साली लिथुआनियात हजारो ज्यूंना व्हिसा देणारे सुगिहारासाहेब १९८६ सालीच वारले होते, म्हणजे देणाऱ्याने स्वतःचं नाव झाकून त्यांचं घेतलं.

आपल्यातलं पुस्तक म्हणून एस्थर डेव्हिड ह्यांचं 'बुक ऑफ रेचल' घेतलं. अलिबागकडच्या दांडा गावात एकटी राहणारी म्हातारी रेचल, ओस पडलेलं सिनेगॉग सांभाळते आणि ते विकू पाहणाऱ्यांशी भांडते. प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी एक पाककृती, त्यामुळे उपाशीपोटी वाचू नये! २०१० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण इंग्रजीसाठी. कोकणातल्या आपल्या म्हातारीची गोष्ट, तीही इंग्रजीतून. मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आम्हाला वाटलं.

सगळ्यात जास्त दिवस राहिली ती चिरी युकिए. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची आइनू मुलगी, जन्म १९०३ चा. आइनू भाषेला स्वतःची लिपी नाही. युकिए आजीच्या तोंडून देवदेवतांची गाणी ऐकत वाढली. मावशीच्याही तोंडी ती होती. शाळेत मात्र जपानीच. तिने तेरा गाणी रोमन अक्षरांत लिहून काढली आणि शेजारच्या पानावर जपानी अर्थ दिला. ह्याच कामासाठी १९२२ साली ती टोकियोला आली, मुद्रितं तपासून संपवली आणि त्याच सप्टेंबरात हृदयविकाराने गेली. वय एकोणीस. पुस्तक पुढल्या वर्षी निघालं.

पहिलं गाणं घुबडदेवाचं. मुलांनो, श्रीमंतांची पोरं सोन्याच्या बाणांनी त्याला पाडू बघतात, पण तो गरीब पोराचा साधा लाकडी बाण हात पुढे करून आपणच धरतो! धाकट्याने हे आम्हाला तीनदा सांगायला लावलं.

थोरलीने विचारलं, "आपल्या आजीची वही कुठे आहे?"

वही लोदला, आजीच्या कपाटात. १८८० च्या सुमारास अष्टमकरांनी आपल्या लोकांत मराठी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांच्या कथा टाळमृदंगासह. त्यातली काही पदं आजीच्या आईने शाईने उतरवलेली. आमच्या मुलांना मराठी समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण देवनागरी वाचता येत नाही. चूक आमची. शिकवू शिकवू म्हणता वर्षं गेली.

गेल्या रविवारी फोन लावला. आजी एकेक ओळ म्हणते, मग थांबते. थोरली रोमन अक्षरांत लिहिते, धाकटा समोरच्या पानावर जपानी अर्थ काढतो. अजून दीड पद झालंय. एका शब्दावर सगळे अडलो, आजीलाही अर्थ आठवेना, म्हणाली, "आई असंच म्हणायची." तो शब्द पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी त्यातली पदं ह्या पत्रकाकडे धाडावीत, म्हणजे आम्हाला ताडून बघता येतील. पुढचा फोन येत्या रविवारी, टोकियोच्या संध्याकाळी. तिकडे दुपारचं जेवण आटोपलेलं असतं आणि आजी मोकळी असते.