आंग्र्यांचे प्रवाळ आणि दिल्लीचे दफ्तर

दिल्लीने मराठ्यांचे घोडदळ पाहिले, आरमार मात्र तिने कधी पाहिले नाही. मार्च १७३७ मध्ये ज्या तालकटोऱ्याच्या आसमंतात बाजीरावाच्या स्वारांनी बादशाही फौजेची दाणादाण उडविली, त्याच तालकटोऱ्याच्या क्रीडागारात फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, हा योग राजधानीतील मराठी माणसास सुखविणारा खराच. परंतु अशा प्रसंगी त्याला बाजीराव आठवतो, पानिपत आठवते, शहाआलमास पुन्हा दिल्लीच्या तख्तावर बसविणारे महादजी शिंदे आठवतात, आणि ज्यांच्या दस्तकावाचून कोकणच्या दर्यात व्यापारी गलबतास निर्धास्त फिरता येत नसे ते मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे मात्र या मालिकेत सहसा बसत नाहीत. ही विस्मृती केवळ इतिहासापुरती असती, तर तिच्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. पण कान्होजींचे आडनाव धारण करणारी एक विस्तीर्ण आणि जिवंत मालमत्ता अरबी समुद्राखाली पसरलेली आहे, आणि तिच्या रक्षणाचा अखेरचा शब्द मुंबईच्या मंत्रालयातून नव्हे, तर दिल्लीच्या दफ्तरातून निघावयाचा आहे.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर समुद्रतळातून एक पठार वर उठले आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी सुमारे १५. त्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याच्या पृष्ठभागाखाली २० मीटरच्या आसपास, आणि कडा मात्र शेकडो मीटर खोल उतरत गेलेल्या. नाविक नकाशांत याचे नाव 'आंग्रिया बँक'. कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने (हे लिहिताना आजही लेखणी अडखळते) इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरातल्या बंदरात जळून खाक झाले. ज्या इंग्रजांनी या घराण्याला हयातभर चांचे म्हणून हिणविले, त्यांच्याच नकाशांत त्याचे नाव टिकून राहावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय होय.

पाण्याबाहेर या पठाराचा तिळभरही भाग दिसत नाही. जुने खलाशी खोली मोजण्याकरिता शिशाचा ओळंबा दोरीने सोडीत आणि त्याच्या बुडाशी असलेल्या खळगीत चरबी भरीत. ओळंबा वर ओढला की चरबीला चिकटलेली वाळू, शिंपल्यांचा चुरा, क्वचित प्रवाळाची कपची पाहून, जहाज कोणत्या तळावर आहे याचा अदमास त्यांना बांधता येई. वरून हवेची नळी न ओढता मोकळेपणी पोहत तळ पाहण्याचे सुटसुटीत साधन माणसाच्या हाती आले ते १९४३ मध्ये, जेव्हा कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी पाण्याच्या दाबानुसार आपोआप हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले.

या पठारावर प्रवाळ वाढते. ते किनाऱ्यापासून इतक्या दूर का वाढावे, याचे उत्तर कोकणच्या नद्यांत आहे. भित्ती रचणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीस असते, प्रकाशापासून ते जे अन्न सिद्ध करते त्यावर प्रवाळाचा बव्हंशी निर्वाह चालतो, आणि म्हणून जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथे अशी भित्ती उभी राहत नाही. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या नद्या दर पावसाळ्यात एवढा गाळ किनाऱ्याशी आणून ओततात, की मालवणच्या खडपांवर प्रवाळ असूनही तेथील पाणी बहुधा गढूळच असते. आंग्रियापर्यंत तो गाळ जात नाही. तेथले पाणी नितळ, आणि २० मीटर खाली असलेल्या माथ्यावरही प्रवाळाच्या निर्वाहापुरते ऊन पोहोचते.

अशा ठिकाणी जावयाचे तर सकाळी निघून सायंकाळी परतण्याचा बेत चालत नाही. जगभर ज्यास 'लिव्ह-अबोर्ड' म्हणतात, ती मुक्कामाची नौका येथे अपरिहार्य ठरते: खोल्या, खानसामा, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, प्राणवायू आणि औषधे यांसह चार-सहा दिवस समुद्रावरच संसार मांडणारी. १०५ किलोमीटर म्हणजे सुमारे ५७ सागरी मैल. ताशी नऊ मैलांच्या चालीने निघालेल्या बोटीस सहा-सात तास लागणार, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर नांगर उचलला तर उजाडताना ती पठारावर पोहोचावी. लक्षद्वीप किंवा मालदीव येथील प्रवाळकंकणांच्या आड जे संथ सरोवर मिळते, ते येथे नाही. आडोसा नाही, बेट नाही. लाट ज्या दिशेने येईल त्या दिशेने बोट डोलत राहते, आणि ज्याला पहिल्या रात्री मळमळत नाही तो भाग्यवान.

पाणबुड्यालाही येथे सवलत मिळत नाही. इतरत्र पाच मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत रमतगमत पाहता येते. येथे मात्र पाहण्यास आरंभच २० मीटरवर होतो. त्या खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट खर्च होते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणारा मनुष्य तेथे ६० लिटर ओढतो, म्हणजे सारी हवा ४० मिनिटांत खलास. वर येण्याची राखीव शिल्लक वजा केली, तर प्रवाळ पाहण्यास उरतो तो अर्धा तास. लाल रंग पाण्याने केव्हाच गिळलेला असतो. विजेरीचा झोत पाडल्याखेरीज तांबडा मासाही काळपट दिसतो. परत येताना पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटे स्वस्थ थांबावे लागते, ते रक्तात विरलेल्या नायट्रोजनला बिनबोभाट बाहेर पडता यावे म्हणून.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील हौशी मंडळी या नायट्रोजनाच्या पायी विशेष पेचात सापडतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहूनही तरणतलावात प्राथमिक धडे गिरवून अंदमान किंवा मालदीव गाठणाऱ्यांची राजधानीत वाण नाही. आता गोव्यात मोपाला विमानतळ झाल्यामुळे मालवणही त्यांच्या टप्प्यात आले आहे. पण अनेक दिवस बुड्या मारल्यानंतर किमान १८ तास विमानात पाऊल ठेवू नये, असा या विद्येचा दंडक आहे. कारण उंचीवर हवेचा दाब उतरताच उरलासुरला वायू सांध्यांत आणि नसांत बुडबुडे धरतो. बोटीवरून उतरून मोटारीने आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्यासही हाच धोका, कारण आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास आहे. दिल्लीकराने शेवटचा दिवस मालवणात सोलकढी पीत काढावा हे उत्तम. यात शास्त्र आणि रुची यांचा तंटा नाही.

महाराष्ट्रास हा विषय नवा नाही. तारकर्ली येथे राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि तिचे प्रमुख, सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी, यांनी आंग्रियाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या प्रवासी जहाजास 'आंग्रिया' हे नाव मिळाले, जरी ते पठाराच्या वाटेस जाणारे नव्हते. २०१९ च्या अखेरीस वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीच्या भारतीय शाखेने पठाराची पाहणी केली, आणि २०२० मध्ये त्यास संरक्षण मिळावे या प्रस्तावास राज्य शासनाने तत्त्वतः मान्यता दिली.

आणि येथे प्रकरण दिल्लीला येते. राज्याची हुकूमत किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीपलीकडे जात नाही. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले ते वन्यजीव कायद्याखाली, परंतु त्या कायद्याचे अभयारण्यही प्रादेशिक समुद्राच्या पलीकडे घोषित करता येत नाही. २००१ पासून भित्ती रचणारे प्रवाळ त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलेले आहेत. पण ५७ मैलांवरच्या प्रवाळाला त्या पंक्तीचा लाभ पोचवायचा कोणी? संविधानाच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे अनन्य आर्थिक क्षेत्रातील साधनसंपत्ती संघराज्याच्या ठायी निहित आहे, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाच्या कलम ७ अन्वये किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या त्या क्षेत्रातील एखादा टापू राजपत्रातील अधिसूचनेने 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करून तेथील सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचे नियम करण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारास आहे. कान्होजी आपल्या दस्तकाने गलबतांस वाट देत. त्यांच्या नावाच्या पठारावर कोणी नांगर टाकावा आणि कोणी टाकू नये, हे आज जोरबागेतील पर्यावरण मंत्रालय आणि लोदी मार्गावरील पृथ्वी विज्ञान मंत्रालय यांसारख्या कचेऱ्यांतील फायलींवर अवलंबून आहे.

माझे मत स्पष्ट आहे. मुक्कामाची नौका जावी, पण अधिसूचनेनंतर. नियम नसता गेलेल्या एका बोटीचा नांगर आणि त्याची साखळी शतकांची रचना एका रात्रीत फरफटून टाकू शकते. प्रथम कायमचे बोये बसवावेत, दररोज येणाऱ्या बोटींची संख्या ठरावी, आणि खोल समुद्रात जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांस विचारूनच हद्द आखावी, कारण मालवणच्या अभयारण्यास तेथील मच्छीमारांचा जो दीर्घ विरोध झाला त्याचे मूळ, न विचारता आखलेल्या रेषेतच होते. हट्ट धरण्याची सोय राजधानीतील तुम्हा मराठी मंडळींस जितकी आहे तितकी विजयदुर्गच्या खलाशास नाही. त्याला दिल्लीस येण्याकरिता बोटीचे काम टाकून गाडी धरावी लागेल, तुम्हाला मेट्रोची दोन-चार स्थानके. तेव्हा दिल्लीतील महाराष्ट्र मंडळांनी येत्या वर्षी शिवजयंतीच्या कार्यक्रमाबरोबर एक अर्जही तयार करावा, त्यावर सह्या घ्याव्यात, आणि महाराष्ट्राच्या खासदारांना तो संसदेच्या पटलावर मांडावयास लावावा.